हजिऱ्यात खोली घेतलीय? मग पाणी उकळून प्या

खानदेशातून कामासाठी सुरतेला आलात. इच्छापोर, मोरा, कवास भागात चौघांनी मिळून खोली घेतलीत. पाणी नळाचं असेल, टँकरचं किंवा बोअरचं. ते नितळ दिसलं म्हणून तसंच पिऊ नका.

गावाकडच्या म्हाताऱ्यांना नारू आठवत असेल. पायातून हातभर लांब जंत निघायचा. तो पाण्यातल्या बारीक पिसवांमधून पोटात जायचा, म्हणून फडक्याने पाणी गाळलं की टळायचा. 2000 साली देश नारूमुक्त ठरला. त्यात या फडक्याचाही वाटा आहे.

पण आवेचे जंतू फडक्यातून सहज निसटतात. त्यांच्याभोवती टणक कवच असतं, त्यामुळे पाण्यात नेहमीच्या मापाने टाकलेल्या क्लोरिनलाही ते पुरते मरत नाहीत. उकळीला मात्र मरतात. पाणी खळखळ उकळू द्या, वर एक मिनिट ठेवा, झाकून गार करा. गॅस महाग आहे हे खरं. निदान पिण्यापुरतं तरी उकळा.

मग ते पिंपात ओतून त्यात प्रत्येकाने हातासकट पेला बुडवला, तर उकळून काय उपयोग? लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाहीतर तोटीचं पिंप घ्या. संडासहून आल्यावर आणि जेवण करण्याआधी साबणाने हात धुवा. ज्याला काहीच त्रास नाही, त्याच्या पोटातूनही हे जंतू बाहेर पडत असतात.

पावसाळ्यात जास्त जपा. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीने सुरत बुडवली, ते इथले लोक विसरलेले नाहीत. पुरात गटार आणि पिण्याचं पाणी एक होतं.

आवेचा अमिबा मोठ्या आतड्याला जखमा करतो. मुरडा येतो, शेम-रक्त पडतं. जिआर्डिया नावाचा दुसरा जंतू लहान आतड्याला चिकटतो. अन्न अंगी लागत नाही, गॅस धरतो, शौच चिकट आणि घाण वासाचं होतं. लेकरू खातं, पण वाळत जातं.

जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चहाचा छोटा चमचा, तोही सपाट भरलेला. मीठ वाढवू नका.

रक्त पडलं तर मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या आणून भागवू नका. शिफ्ट बुडते म्हणून सगळे हेच करतात. दवाखान्यात जा. दिलेलं औषध बरं वाटलं तरी पूर्ण संपवा. आतड्यात उरलेले जंतू मारायला कधीकधी दुसरं औषधही लागतं. गोळ्या चालू असताना दारू नको.

कधीकधी अमिबा रक्तातून यकृतात जातो आणि तिथे पू धरतो. हे तरण्या पुरुषांत जास्त दिसतं, आणि त्या वेळी जुलाब असतीलच असं नाही. ताप उतरत नसेल, उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मागे आव झाली होती हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.