पत नसली तरी खातं मिळतं

गेल्या अंकात या सदरात बर्फात गाडी शिकतानाची फजिती सांगितली होती. यंदा विषय बँकेचा, आणि निमित्त माझी भाची. ऑगस्टमध्ये ती एम.एस.साठी ओहायोत आली. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "मावशी, क्रेडिट हिस्टरी नसेल तर इथे बँका दारात उभं करत नाहीत म्हणे. खरं का गं?"

मला २००४ साल आठवलं. लग्नाआधी सांगलीत सहा वर्षं मी एका पतसंस्थेत कारकून होते. इथे आले एच-फोर व्हिसावर. खातं फक्त ह्यांच्या नावावर होतं. ह्यांना कंपनीने दोन आठवडे टेक्सासला पाठवलं आणि नेमकी घरभाड्याची तारीख आली. चेकबुक माझ्या हातात, पैसे बँकेत, पण सहीचा अधिकार नाही! भाडं उशिरा गेलं, पन्नास डॉलर दंड बसला. दंडापेक्षा मनाला लागलं ते वेगळंच. गावाची पासबुकं भरणाऱ्या बाईचं स्वतःचं खातं नव्हतं.

मग एकटीच बँकेत गेले. "सोशल सिक्युरिटी नंबर नाही? मग खातं नाही," एवढंच उत्तर मिळालं. आपली पतच नाही, असं समजून महिनाभर गप्प बसले. शेवटी मंडळातल्या एका ताईंनी समजावलं, "अगं, पत लागते उधारी घेताना. इथे तू तुझेच पैसे ठेवणार आहेस." दुसऱ्या बँकेत पासपोर्ट आणि आम्हा दोघांच्या नावाचा भाडेकरार दाखवला. अर्ध्या तासात खातं उघडलं.

भाचीला तेच सांगितलं. चेकिंग खात्यासाठी बँक मुख्यतः ओळख आणि पत्ता बघते. पूर्वीचं एखादं खातं तुम्ही पैसे बुडवून सोडलंय का, हे बऱ्याच बँका चेक्ससिस्टम्स नावाच्या संस्थेकडून तपासतात. नव्याने आलेल्याची तिथे पाटी कोरी असते, म्हणजे काही वावगंही नसतं. परदेशी नागरिकाचा पासपोर्ट क्रमांक कायद्याला चालतो. पण काही बँका स्वतःच्या नियमाने सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. एकीने नाही म्हटलं तर दुसरीत जायचं. विद्यार्थ्यांनी आय-ट्वेंटीही जवळ ठेवावा.

सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. दरमहा फी किती, आणि ती कशी माफ होते? ठेवींना एफडीआयसीचा विमा आहे का? एका बँकेत एका खातेदाराला अडीच लाख डॉलरपर्यंत तो मिळतो. तिसरी ओव्हरड्राफ्टची. एटीएम आणि डेबिट कार्डाच्या रोजच्या खरेदीवर ती फी तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही, असा नियम २०१० पासून आहे. संमती देऊ नका. चेक मात्र शिल्लक बघूनच फाडा, तिथे हा नियम नाही.

एक गैरसमज मात्र माझाही होता. खातं नीट चालवलं की पत आपोआप वाढेल, असं वाटायचं. तसं होत नाही. डेबिट कार्डाचा खर्च क्रेडिट ब्युरोंपर्यंत जात नाही, आणि भारतातली सिबिलची पतही सहसा इथे येत नाही. त्यासाठी ठेव ठेवून मिळणारं सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड घ्यायचं, थोडंच वापरायचं आणि बिल वेळेवर पूर्ण भरायचं. फायको स्कोअर दिसायला निदान सहा महिने लागतात. तोवर धीर धरायचा.

भाचीबरोबर बँकेत गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "खातं दोघींच्या नावावर?" भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाही, तिच्या एकटीच्या." फॉर्म तिने भरला, सही तिने केली. मी खुर्चीत नुसती बसून होते, पण एखादं जुनं येणं वसूल झाल्यासारखं वाटत होतं.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे हिशेबाच्या वह्या पुजतात. तुमच्या घरी कुणी डिपेंडंट व्हिसावर आलं असेल, तर यंदा पूजा झाली की एक विचारा: खात्यावर तिचं नाव आहे का? नसेल, तर पाडव्याची ओवाळणी म्हणून बँकेत घेऊन जा. साडीपेक्षा जास्त दिवस टिकेल.

शुभ दीपावली!