गुण वाढत नाहीत? आधी चुका मोजा



या सदरात आपण नेहमी पिकांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा असला, तरी घरातलाच आहे. बांधाची भांडणे, वाटण्या, फेरफार, शेतरस्ता या ना त्या कारणाने ज्याने तालुक्याच्या कोर्टाची पायरी चढली नाही, असे घर आपल्याकडे विरळाच. त्यामुळे 'आपल्यातलं एक पोर वकील व्हावं' असे पुष्कळांना वाटते. त्यासाठी आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिची तयारी करताना बऱ्याच मुलांचे गाडे एका जागी रुतते. ते कसे काढायचे, हे आज सांगतो.

माझ्या जुन्या मंडळातल्या एका शेतकऱ्याचा मागे फोन आला. "साहेब, पोरगी रात्रंदिवस पेपर सोडवती, पण आकडा काय हलंना. एक वर्ष दिलंय तिला. दुसरं देणं माझ्याच्यानं होणार नाही. धाकटा बारावीला आलाय." रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. मुलीने वही पुढे केली. दोन महिन्यांत चौदा सराव परीक्षा दिल्या होत्या. १२० पैकी गुण ५९, ६२, ६१, ६३ आणि पुन्हा ६२. डोळ्यांखाली काळी वर्तुळे. मी विचारले, "पेपर झाल्यावर काय करतेस?" ती म्हणाली, "गुण बघते काका, आणि दुसरा पेपर घेते."

दुखणे तिथेच होते. पीक पिवळे पडले की आपण काय करतो? युरियाची गोणी फोडतो. पण पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर असेल तर नत्र कमी असण्याचा संभव. कोवळी शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत बहुधा लोहाची कमतरता. तिथे कितीही युरिया ओता, पीक सुधारत नाही. सराव परीक्षेचेही तसेच आहे. ती माती परीक्षणासारखी आहे. नुसते नमुने पाठवत राहिले आणि अहवाल वाचलाच नाही, तर जमीन कशी सुधारणार?

आता परीक्षेची थोडी माहिती. महाराष्ट्रातल्या विधी महाविद्यालयांसाठी राज्याचा सीईटी कक्ष ही परीक्षा घेतो. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. खुल्या गटाला आधीच्या परीक्षेत किमान ४५ टक्के गुण लागतात, राखीव गटांना सवलत आहे. बी.एस्सी. कृषी झालेल्यांनाही तीन वर्षांचा मार्ग मोकळा आहे. परीक्षा संगणकावर होते. १२० प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला एक मिनिट. कायद्याचा कल व तर्क, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्कशुद्ध विचार आणि इंग्रजी हे भाग असतात. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडे गणितही असते. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहिती पुस्तिका पाहूनच तयारीला लागावे.

त्या दिवशी मी मुलीला नवा पेपर सोडवू दिला नाही. आदल्या दिवशीचाच पेपर काढला आणि म्हटले, "उत्तरपत्रिका झाकून ठेव. ज्या प्रश्नांना तू साशंक होतीस आणि जे सोडून दिलेस, ते आता घड्याळाशिवाय सोडव." तिने दुपारभर बसून सोडवले. घड्याळ लावून तिला ६२ पडले होते, निवांतपणे सोडवल्यावर ७९ झाले. म्हणजे १७ गुणांचे ज्ञान पोरीकडे होते, पण घाईत हातातून निसटत होते. हा फरक काढणे फार महत्त्वाचे आहे. निवांत सोडवूनही गुण वाढत नसतील तर अभ्यास कच्चा. वाढत असतील तर अभ्यास आहे, सवय चुकते आहे. दोन्हींवर औषध वेगळे.

मग गेलेल्या ५८ गुणांची वर्गवारी केली. १४ प्रश्नांना वेळच पुरला नव्हता. १३ प्रश्न घाईत चुकीचे वाचले होते. 'कोणते बरोबर नाही' यातला 'नाही' नजरेतून सुटला होता. ११ ठिकाणी दोन पर्यायांत अडकून भलताच निवडला होता. उरलेले २० खरोखर येत नव्हते. पोरगी रोज रात्री सामान्य ज्ञानाची जाड पुस्तके पाठ करत होती, पण ५८ पैकी ३८ गुणांचा पाठांतराशी काही संबंधच नव्हता.

दोन पर्यायांत अडकलेल्या प्रश्नांतला एक सांगतो. कायद्याच्या तर्कात पुष्कळदा आधी नियम देतात, मग घटना सांगतात आणि निर्णय विचारतात. नियम असा होता : जो आपल्या जमिनीवर धोक्याची वस्तू आणून साठवतो, ती निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर, त्याने काळजी घेतलेली असली तरी, तो जबाबदार. घटना अशी की, एकाने पाण्याचा मोठा साठा केला, सगळी काळजी घेतली, तरी तो फुटून शेजाऱ्याचे पीक गेले. मुलीने उत्तर दिले, 'जबाबदार नाही'. मी कारण विचारले. ती हळूच म्हणाली, "काका, मला आमचं तळं आठवलं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचे शेततळे फुटून शेजाऱ्याचा कांदा वाहून गेला होता. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही. उत्तर देताना तिच्या डोळ्यांपुढे आपला बाप उभा होता. मी तिला म्हटले, "परीक्षेत नियम कागदावरचा धरायचा, मनातला नाही. आपल्याला पटो न पटो, दिलेला नियम दिलेल्या घटनेला लावायचा आणि थांबायचे." या नियमाचे मूळ इंग्लंडमधल्या १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात आहे. तिथेही एका गिरणीवाल्याच्या तलावाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले होते. खऱ्या खटल्यात अपवाद आणि इतर मुद्दे निघतात, ते पुढे कॉलेजात शिकायचे. वडील शेजारीच सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळे ऐकले, बोलले काही नाहीत.

त्या दिवशी ठरवलेला कार्यक्रम तुमच्या मुलांसाठीही देतो.

१) आठवड्याला एकच पूर्ण पेपर, परीक्षेच्याच वेळी, दोन तास न उठता. मोबाइल बाजूला, घरच्यांनी हाक मारायची नाही. परीक्षेआधीचे दोन-तीन पेपर तरी तालुक्याला जाऊन संगणकावर सोडवावेत, म्हणजे माउसची भीती जाते.

२) उत्तरे पाहण्याआधी साशंक व सुटलेले प्रश्न घड्याळाशिवाय पुन्हा सोडवावेत. दोन्ही गुण शेजारी शेजारी लिहावेत.

३) चुकांची वही ठेवावी. प्रश्न, माझे उत्तर, बरोबर उत्तर आणि चुकण्याचे कारण. कारण चारच शब्दांत लिहावे : वेळ, वाचन, गोंधळ, अज्ञान. 'चुकून चुकले' असे लिहू नये. त्याने काही कळत नाही.

४) आठवडाभर ज्या कारणाने जास्त गुण गेले, त्याच्यावरच मेहनत. वाचन चुकत असेल तर प्रश्नातला 'नाही', 'वगळता', 'फक्त' हा शब्द मनात पुन्हा म्हणावा. गोंधळ असेल तर बरोबर पर्याय शोधण्याऐवजी चुकीचे तीन का चुकीचे, हे सांगता आले पाहिजे. अज्ञान असेल तरच पुस्तक.

५) वेळेसाठी दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत येणारे प्रश्न, अडला की पुढे. दुसऱ्या फेरीत उरलेले. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. चार पर्यायांत अंदाजाने खूण केली तरी सरासरीने चारात एक बरोबर येतो. मुलीचे १४ प्रश्न कोरे होते, म्हणजे तीन-चार गुण बांधावरच सांडत होते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही परीक्षा मात्र निराळी. ती इंग्रजीत असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. तिथे निदान एक पर्याय खात्रीने बाद करता आला तरच अंदाज करावा.

६) वहीतले चुकलेले प्रश्न आठ दिवसांनी पुन्हा सोडवावेत. तेव्हाही चुकले तर शिक्षकांना विचारावे, लाजू नये.

७) रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख सावकाश वाचून त्याचा सारांश मराठीत दोन ओळींत लिहावा. बातम्या ऐकताना रोज पाच नोंदी कराव्यात. आणि झोप मोडू नये.

पहिल्याच आठवड्यात चमत्कार झाला, असे सांगणार नाही. ६४ झाले, मग ७०, मग एक पायरी खाली ६९. त्या रात्री मुलगी रडली, असे तिच्या आईने सांगितले. पण वही पाहिली तर 'वाचन'च्या चुका १३ वरून ४ वर आल्या होत्या. त्या आठवड्यात इंग्रजीचे उतारे अवघड होते, एवढेच. पुढचे दोन पेपर ७७ आणि ८१. परीक्षा अजून व्हायची आहे. प्रवेश मिळेलच असे मी कोण सांगणार? पण आता ती गुण बघून थांबत नाही, कारण शोधते. वकिलाला जन्मभर तेच करायचे असते.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. पेपर देऊन मूल बाहेर आले की आपण लगेच विचारतो, "किती पडले?" त्याऐवजी विचारा, "कशानं गेले?" पहिल्या प्रश्नाने मूल मान खाली घालते, दुसऱ्याने वही उघडते. मागच्या रविवारी त्या घरून पुन्हा फोन आला. वडील म्हणाले, "साहेब, यंदा नाही झालं, तर अजून एक वर्ष देईन म्हणतो." थोडे थांबून पुढे म्हणाले, "आणि शेजाऱ्याकडं जाऊन आलो. कांद्याचं काय ते बोललो."