उलटं नाटक

२००८ च्या ‘दोस्ताना’त भाड्याचा फ्लॅट मिळावा म्हणून दोन पोरं गे असल्याचं नाटक करतात. पिक्चर धमाल आहे, मलाही आवडतो. पण आपल्याच विंगमध्ये एखाद्याला रोज याच्या उलटं नाटक करावं लागत असेल तर? व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गे’ म्हणून कुणाची खेचली की त्यालाही हसावंच लागतं. गप्प बसला तर संशय! तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने कॉलेजातल्या अशाच एका मुलीची घुसमट १९८१ मध्ये रंगमंचावर आणली. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. कायदा सुधारला, आपला ग्रुप कधी सुधारणार? जोक जरूर मारा राव, पण शेजारच्या खोलीतल्याला त्यासाठी खोटं हसायला लावू नका.