एका रेडरला अर्धी तिजोरी, अन् बाकीच्यांना काय?

राजेहो, कबड्डीबद्दल लिहितोय. कापसाच्या भावाची पोस्ट उद्या टाकतो. पण ही वाचा, कारण हीसुद्धा भावाचीच गोष्ट आहे. फक्त इथं बोली माणसावर लागते.

आधी साधा हिशेब. प्रो कबड्डीत प्रत्येक संघाला खेळाडू घ्यायला ठरावीक रक्कम मिळते. २०२३ च्या लिलावात ती ५ कोटी होती. तेलुगू टायटन्सनं त्यातले २ कोटी ६० लाख ५० हजार एकट्या पवन सेहरावतवर लावले. म्हणजे निम्म्याहून जास्त. संघात कमीत कमी १८ खेळाडू लागतात. उरलेल्या १७ जणांच्या वाट्याला सरासरी १४ लाख आले. निकाल? २२ सामन्यांत २ विजय आणि तळाचा नंबर. पवन वाईट खेळला म्हणून नव्हे. रेडर कितीही भारी असला तरी तो बाद होऊन बाकावर बसला की त्याला उठवायला दुसऱ्या कोणी तरी पॉइंट आणावा लागतो. तो दुसरा विकत घ्यायला पैसेच उरले नव्हते.

त्याच्या आदल्या वर्षीचं उलट उदाहरण बघा. २०२२ मध्ये हाच पवन २ कोटी २६ लाखांना तमिळ थलायवाजकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर बसला. सगळ्यांना वाटलं, संघ संपला. पण नरेंदर नावाच्या नवख्या पोरानं दोनशेच्या वर रेड पॉइंट काढले, आपल्या महाराष्ट्राच्या अजिंक्य पवारनं साथ दिली, आणि थलायवाज पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेले.

आता कोणी म्हणेल, "भाऊ, पुणेरी पलटणनंही शादलूवर २ कोटी ३५ लाख ओतलेच ना, अन् त्याच हंगामात कप नेला!" बरोबर आहे. पण पलटणकडं अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे ही पोरं आधीच घडवलेली होती. भिंत उभी होती, वर कळस बसवला. टायटन्सनं कळस आधी घेतला आणि विटांचे पैसे संपले. माझं भांडण महाग खेळाडूशी नाही. त्याच्या जिवावर बाकीचा संघ फुकटात उभा राहील, या समजाशी आहे.

या हिशेबात मरतो कोण? सर्वात वरचा मरत नाही. सर्वात खालचाही मरत नाही, कारण स्वस्तातली नवी पोरं सगळ्यांनाच पाहिजेत. मरतो मधला. बत्तीस-तेहतीसचा कॉर्नर किंवा कव्हर, ज्याची किंमत वीस-तीस लाख असते, ज्याला रेडरचा पाय कुठं पडणार ते आधी कळतं, आणि जो शेवटच्या दोन मिनिटांत पोरांना शांत ठेवतो. पैसे कमी पडले की पहिली काट त्याच्या नावावर. २०१६ मध्ये पाटणा पायरेट्सनं चाळिशी ओलांडलेल्या धर्मराज चेरलाथनच्या कप्तानीत कप जिंकला होता. असा माणूस आज लिलावात उभा राहिला तर किती हात वर होतील, तुम्हीच सांगा.

आणि म्हातारपण आता चाळिशीतही येत नाही. प्रदीप नरवाल. या लीगमध्ये सर्वांत जास्त रेड पॉइंट, अठराशेच्या वर. पाटण्याला ओळीनं तीन कप दिले. २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाख, तोवरची सर्वांत मोठी बोली. २०२४ मध्ये ७० लाख. २०२५ मध्ये शून्य. कोणीच बोली लावली नाही, आणि पठ्ठ्यानं निवृत्ती जाहीर केली. वय अठ्ठावीस! आपल्याकडं या वयात पोट्ट्याचं लग्न जमत नाही, अन् तिकडं तो म्हातारा झाला.

आपल्या मराठी माणसाचं बघायचं तर चंदगडचा सिद्धार्थ देसाई. २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात २१८ रेड पॉइंट. पुढच्या वर्षी १ कोटी ४५ लाख. मग खांदा गेला, भाव पडला, २०२३ मध्ये पुन्हा १ कोटी, त्याच्या पुढच्या वर्षी परत लाखांत. सोयाबीनचा भावसुद्धा एवढा खालीवर होत नाही हो.

पूर्वी पैसा कमी होता, मान्य. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग राकेश कुमार, अवघे १२ लाख ८० हजार. पण त्या पिढीतल्या चांगल्या खेळाडूला रेल्वे, पोलीस, बँक, एअर इंडिया, महिंद्रा अशा ठिकाणी नोकरी असायची. गुडघा गेला तरी पगार चालू. आज पैसा जास्त आणि भरवसा एका हंगामाचा.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये हाच पेच आहे. तिथं क्वार्टरबॅक नावाच्या एका खेळाडूला वर्षाला सहा कोटी डॉलरपर्यंत मोजतात आणि संघाच्या एकूण खर्चाला मर्यादा असते. तिथंही मधले जुने खेळाडू कापले जातात. पण तिथं खेळाडूंची युनियन आहे, निवृत्तिवेतन आहे. जितकी वर्षं जास्त खेळला तितका किमान पगार जास्त, आणि जुन्या खेळाडूला किमान पगारावर घेतलं तर त्याचा पूर्ण भार त्या मर्यादेत धरत नाहीत. म्हणजे अनुभव संघाला परवडावा याची सोय नियमातच केलीय. आपल्याकडं हा नियम आणायला कोणाचे हात बांधलेत? एका खेळाडूवर तिजोरीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, आणि पाच हंगाम खेळलेल्याला अशी सवलत. एवढं केलं तरी पुष्कळ.

आता आपल्या अंगणात या. गावोगावच्या स्पर्धांत हेच लोण आलंय. बाहेरून एक नावाजलेला रेडर आणायचा, त्याला पाकीट, त्याला गाडी, बॅनरवर त्याचाच फोटो. आणि जामोद, सुनगाव, आसलगावची जी पोरं बारा महिने मातीत घाम गाळतात, ती राखीव बाकावर. पस्तिशीतला जो गडी दहा वर्षं गावाचा संघ ओढत आला, त्याला सांगायचं, "भाऊ, यंदा तुम्ही पंच व्हा." पंचाचं मानधनही द्यायचं नाही! मैदानात पाय मोडला तर खामगाव-अकोल्याचा दवाखाना त्याचा त्यानं बघायचा. वर्गणी मात्र गावाची.

मंडळवाल्यांनो, राग आला तरी चालेल, पण येत्या हंगामात चार गोष्टी करा. बाहेरचे खेळाडू जास्तीत जास्त दोन. त्यांचं मानधन बक्षिसाच्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नको. उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा. आणि गावातल्या जुन्या खेळाडूला पोरं शिकवायचे पैसे द्या, नुसता शाल-नारळ नको. शालीनं गुडघा बरा होत नाही.

एकटा रेडर बोनस आणू शकतो. चढाईवर आलेल्याला धरायला मात्र साखळीच लागते. साखळीतला जुना हात सोडला की काय होतं, ते टायटन्सला विचारा.

कोणत्या मंडळानं काय ठरवलं ते कमेंटमध्ये लिहा. ज्यानं विमा काढला, त्याची बातमी मी स्वतः येऊन करतो.