पाहुणे गेल्यावर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाता-येता अकोल्या-अमरावतीच्या घरांत नातलग उतरतात. दोन खोल्यांत पंधरा माणसं! ती परतली की घर सुनं वाटतं. पण झाडू हाती घेण्याआधी आम्ही घर एकदा नीट पाहतो.

आधी गॅस. शेगडी दिवसरात्र पेटती, सिलिंडर इकडचं तिकडे सरकलेलं. नळी दुमडली, चिरली का पाहावं. जोडावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीच पाहू नये. हा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचतो. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, विजेचं बटण दाबू नये. बाहेर येऊन १९०६ वर फोन करावा. नळी ५ वर्षांनी बदलावीच.

मग अंथरुणं. सामानातून ढेकूण येतात. गोधडीच्या शिवणी, खाटेच्या खाचा पाहाव्यात. चादरी उकळत्या पाण्यातून काढाव्यात.

“कोणाच्या पोरानं केलं?” हे मात्र विचारू नये. नळी बाजारात नवी मिळते. दुखावलेली मावशी पुढल्या वर्षी आपल्या दारी उतरत नाही.