कॉम्प्युटरमध्ये पाणी भरण्याआधी

मार्चमधला रविवार. सकाळी सातला नागपूरहून मावशीचा फोन. "अगं, चिनू कॉम्प्युटरमध्ये पाणी भरणार म्हणतोय! 52 हजारांचं सामान मागवायला निघालाय. तुझं ऐकतो तो, जरा बोल त्याच्याशी."

चिनू माझा मावसभाऊ, वय 22. आर्किटेक्ट लोकांना घरांची थ्रीडी चित्रं करून देतो. इमारत उभी राहण्याआधीच बाल्कनीत ऊन कसं पडेल, ओट्याला कुठला रंग शोभेल, हे दाखवणारी चित्रं. असं एक चित्र रेंडर व्हायला त्याच्या कॉम्प्युटरला पाऊण तास लागतो, म्हणून काम रात्रभर चालतं. आणि त्याचं टेबल आहे आजीच्या खोलीत, कारण घरात दुसरीकडे जागाच नाही. रात्री कॉम्प्युटरचे पंखे घोंगावायला लागले की आजी उठून बसते. मे महिन्यात तर त्या खोलीत पाय ठेववत नाही.

यावर चिनूने शोधलेला उपाय म्हणजे कस्टम लिक्विड कूलिंग लूप. आणि त्या 52 हजारांतले 20 हजार माझ्याकडून उसने जाणार होते, त्यामुळे प्रश्न विचारायचा मला पूर्ण हक्क होता. मी इंग्रजी साहित्यात बीए केलेली, वॉटशी माझा संबंध लाइट बिलापुरता. पण महिनाभर रोज रात्री चिनूशी व्हिडिओ कॉलवर डोकं लावल्यावर बरंच कळलं. तुमच्या घरातही असा एखादा चिनू असेल, म्हणून आज ते सगळं सांगते.

आधी मावशीची भीती. कॉम्प्युटरमध्ये पाणी 'ओतत' नाहीत. ते बंद नळ्यांतून फिरतं, कारच्या इंजिनात फिरतं तसंच. गरम होणाऱ्या चिपवर तांब्याचा एक ब्लॉक घट्ट बसवतात. पाणी त्या ब्लॉकमधून जाताना उष्णता उचलतं, पुढे रेडिएटरमध्ये जाऊन ती हवेला देतं, आणि छोटा पंप त्याला पुन्हा फिरवतो. सोबत एक छोटी टाकी असते. सुपरकॉम्प्युटरसाठी ही नेहमीची गोष्ट आहे. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म असाच द्रवाने थंड ठेवला जातो.

मावशीचा दुसरा प्रश्न जास्त हुशारीचा होता. "माठाला बाहेरून पाणी सुटतं तसं याला सुटणार नाही का?" नाही सुटणार. माठातलं पाणी झिरपून वाफ होतं, म्हणून आतलं पाणी खोलीपेक्षा थंड होतं. लूपमधलं पाणी कुठेच उडून जात नाही. ते खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, आणि म्हणून नळ्यांवर दवही धरत नाही.

इथेच मला चिनूच्या बेतातली मोठी गफलत दिसली.

मी विचारलं, "तुला हे कशासाठी हवंय? एका वाक्यात सांग." तो म्हणाला, "ताई, आवाज कमी होईल आणि आजीची खोली थंड होईल."

यातलं पहिलं खरं. दुसरं साफ चूक. त्याचं ग्राफिक्स कार्ड आहे आरटीएक्स 3080. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ते 320 वॉटपर्यंत वीज घेतं. प्रोसेसर रायझन 9 5900एक्स, तो पूर्ण जोरात 142 वॉटपर्यंत जातो. दोन्ही मिळून 462 वॉट. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती पंख्याने उडवा नाहीतर पाण्याने वाहून न्या, येणार ती आजीच्या खोलीतच. म्हणजे जवळजवळ अर्धी इस्त्री रात्रभर चालू. पाण्यामुळे चिप थंड राहते, खोली नाही.

फोनवर बराच वेळ शांतता होती. त्याने इतके व्हिडिओ पाहिले होते, पण हा प्रश्न त्याच्या मनात आलाच नव्हता. मला वाटतं आपल्याकडे निम्मी खरेदी अशीच होते. वस्तू आधी ठरते, ती कशाला हवी ते नंतर.

मग खोलीसाठी वेगळा विचार केला, आणि तो फुकटात झाला. कार्डाची वीज सॉफ्टवेअरमधून 320 ऐवजी 250 वॉटवर बांधली. एका नेहमीच्या चित्राला 41 मिनिटं लागायची, ती 44 झाली. 3 मिनिटांच्या बदल्यात 70 वॉट उष्णता कमी! दुसरं म्हणजे कूलरची हवा खोलीत आली की तिला बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी त्यासाठी उघडी ठेवतातच. कॉम्प्युटर त्या खिडकीशी नेला, म्हणजे त्याची गरम हवा बाहेर जाणाऱ्या वाऱ्याबरोबर निघून जाते. कूलरच्या तोंडासमोर मात्र कधीही ठेवू नका, तुषार उडतात.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, आता लूप हवाच आहे का? फक्त प्रोसेसरसाठी कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेला एआयओ कूलर मिळतो, तो पुष्कळ स्वस्त पडतो. बहुतेकांना तेवढा पुरतो, आणि कुणी मला विचारलं तर मी तोच सांगेन. पण चिनूकडे बोंबाबोंब करत होते ग्राफिक्स कार्डाचे पंखे. आजीची झोप तेच उडवत होते. आणि कार्ड सेकंडहँड, त्याची वॉरंटी केव्हाच संपलेली, त्यामुळे उघडल्याने काही गमवायचं नव्हतं. वॉरंटीतलं कार्ड उघडण्याआधी कंपनीच्या अटी वाचाच. ठीक आहे म्हटलं, कर. पण आधी कागदावर.

पहिला हिशोब रेडिएटरचा. ढोबळ नियम असा की 120 मिलीमीटरच्या एका पंख्याएवढ्या रेडिएटरने 100 वॉट घालवले तर पंखे हळू फिरूनही भागतं. 150 पर्यंत ताणता येतं, पण मग आवाज वाढतो, आणि आपल्याला तर आवाजच नको होता. वीज बांधल्यावर 390 वॉटच्या आसपास उरत होते, म्हणजे चार पंखे. चिनूने पाच धरले, वर 360चा आणि पुढे 240चा रेडिएटर. कारण नागपूर. थंड देशातल्या लोकांचे हिशोब 22 अंशांच्या खोलीचे असतात. मे महिन्यात आजीची खोली कूलर लावूनही 35 असते. पाणी खोलीपेक्षा 10 ते 12 अंश वर राहतं असं धरलं तर ते 47 पर्यंत जाणार. बऱ्याच पंपांना आणि नळ्यांना पाण्याची 60 अंशांची मर्यादा सांगितलेली असते. रेडिएटरवर पैसे वाचवले असते तर उन्हाळ्यात आपण त्या मर्यादेच्या फार जवळ गेलो असतो.

दुसरं काम टेपचं. रेडिएटरची जाडी साधारण 30 मिलीमीटर, त्यावर 25 मिलीमीटरचा पंखा, म्हणजे कॅबिनेटच्या छताखाली 55 मिलीमीटर मोकळी जागा हवी. चिनूने बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा त्या मापाने कापून आत बसवून पाहिला, तर तो रॅमला टेकला. हे सामान आल्यावर कळलं असतं तर? शेवटी रॅम बदलली, कमी उंचीची घेतली. जुनी मित्राला विकली.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक घेताना तर फारच जपून. 3080 नावाची कार्डं कितीतरी कंपन्यांची, आणि प्रत्येकाची आतली पट्टी वेगळी. एकाचा ब्लॉक दुसऱ्याला बसेलच असं नाही. चिनूने आधी निवडलेला ब्लॉक त्याच्या कार्डाचा नव्हताच! ब्लॉकच्या कंपनीच्या यादीत आपल्या कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव सापडेपर्यंत पैसे देऊ नयेत.

धातूंचंही तसंच. ब्लॉक तांब्याचे असतील तर रेडिएटरही तांबं-पितळेचाच हवा. स्वस्तात मिळतो म्हणून ॲल्युमिनियमचा घेतला, की दोन धातू आणि मध्ये पाणी अशी बॅटरीसारखी जोडी जमते आणि ॲल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. महिन्याभरात काही दिसत नाही. नंतर पाण्यात गाळ येतो आणि ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटी बुजतात.

नळ्यांवरून आमचं भांडण झालं. त्याला काचेसारख्या कडक नळ्या हव्या होत्या, फोटोत झकास दिसतात. मी म्हटलं, खोलीत आजी आहे, फोटोग्राफर नाही. कडक नळी गरम करून वाकवावी लागते, अचूक कापावी लागते, आणि पुढे एक भाग बदलायचा तर पुन्हा नवी नळी. पहिल्यांदाच करणाऱ्याने काळी, मऊ ईपीडीएम रबराची नळी घ्यावी. दिसायला बागेच्या पाइपासारखी, हे मान्य. पण ती वाकते, चुका माफ करते, आणि काही पारदर्शक मऊ नळ्या जुन्या झाल्या की पांढुरक्या पडतात, तसंही हिचं होत नाही.

नळी आणि फिटिंग यांची दोन्ही मापं जुळावी लागतात, आतलं आणि बाहेरचं. नळी 10/16 असेल तर फिटिंगही 10/16चंच, 10/13चं चालत नाही. प्रत्येक भागाला दोन तोंडं, म्हणून प्रोसेसरच्या ब्लॉकची 2, कार्डाची 2, दोन रेडिएटरची 4, टाकी-पंपाची 2, अशी 10 फिटिंग. शिवाय वळणांसाठी काटकोनी 3, पाणी काढायच्या नळासाठी एक टी-जोड आणि वर 2 जास्तीची. यातलं बरंच सामान परदेशातून येतं. एका फिटिंगसाठी दोन आठवडे काम अडून राहू शकतं.

पाणी आधी कशातून न्यायचं यावर चिनूने चार रात्री घालवल्या. प्रोसेसरमधून, कार्डातून, की मध्ये रेडिएटर? मी शाळेतलं विज्ञान आठवून गणित मांडलं. मिनिटाला 3 लिटर पाणी फिरत असेल तर 390 वॉटने त्याचं तापमान एका फेरीत 2 अंशही वाढत नाही. म्हणजे सगळीकडे पाणी जवळपास सारखंच गरम. नळी जिथून सोयीची पडेल तिथून न्या. एकच गोष्ट पाळायची, टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा वर हवी. पंप कोरडा फिरला तर लवकर खराब होतो. आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा नळ ठेवायचा. हा नळ चिनूच्या पहिल्या नकाशात नव्हता. मग वर्षभराने पाणी बदलताना त्याने काय केलं असतं, कॅबिनेट बादलीवर उलटं धरलं असतं?

"पाणी घरच्या आरओचं चालेल ना?" इति मावशी. नाही. पिण्यासाठी म्हणून त्यात बरेचदा क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. बॅटरीचं म्हणून मिळणारं पाणीही प्रत्येक वेळी सारख्या दर्जाचं असेल याची खात्री नाही. तयार कूलंट घ्यावं, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारी द्रव्यं असतात. त्याच्या बाटलीवर 'वीज वाहत नाही' असं लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. फिरता फिरता त्यात धातूचे कण मिसळतात आणि मग ते वीज वाहायला लागतं.

एप्रिलच्या शेवटी सगळं जुळून आलं. शनिवारी दुपारी मी व्हिडिओ कॉलवर, तो जमिनीवर मांडी घालून. आधी कोरडी चाचणी. हातपंपाने नळ्यांत 0.5 बार हवा भरली आणि काटा बघत अर्धा तास बसलो. काटा जागचा हलला नाही. मग कूलंट भरलं. या वेळी मदरबोर्ड आणि कार्ड यांना वीज द्यायचीच नाही, एसएमपीएसवरून फक्त पंप चालवायचा. त्यासाठी 24 पिनांचा जंपर प्लग मिळतो. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, आणि पंप 24 तास चालू.

पहाटे चारला आजी बाथरूमला उठली. तिने परतताना टॉर्च मारला आणि चिनूला हलवून उठवलं. कार्डाखालचा टिश्यू ओला होता.

रुपयाएवढा डाग. पण वीज चालू असती तर कार्ड गेलं असतं, हातातली तीन कामं गेली असती आणि माझे 20 हजारही. पाणी काढून फिटिंग उघडलं, तर आतली रबराची ओ-रिंग मुडपलेली. हवेच्या चाचणीत थंड असताना ती कशीबशी तग धरून असावी. जास्तीच्या दोन फिटिंगांतलं एक तिथे लागलं, आणि पुन्हा नव्याने 24 तास. या वेळी टिश्यू कोरडे राहिले, तरी चिनूने आणखी एक रात्र पंप नुसताच चालवला. मी काही बोलले नाही.

शेवटचा खर्च 47 हजार. दिव्यांचे पंखे आणि कडक नळ्या गाळल्यामुळे 52च्या आत बसलं. मेमध्ये भर दुपारी पाणी 46 अंशांवर आणि कार्ड 62वर होतं. खोली गरम आहेच, नागपूर आहे ते. पण रात्री पंखे ऐकू येत नाहीत. आजीची तक्रार आता अशी की घड्याळाची टिकटिक फार मोठी वाटते.

मागच्या महिन्यात गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मावशीचं अक्षर दिसलं. गॅस सिलिंडरच्या तारखेखाली लिहिलं होतं, 'चिनूचं पाणी बदलणे.' माझे 20 हजार परत करायची तारीख मात्र कुठे दिसली नाही.