मनोरुग्णाला देह नसतो काय?

दिवाणी न्यायालयात दावा अधिकारक्षेत्राबाहेरचा ठरला, तर वादपत्र परत केले जाते आणि योग्य न्यायालयात ते दाखल करण्याची वाट पक्षकाराला मोकळी राहते. वैद्यकीय व्यवहारात मात्र असा एक अभागी पक्षकार आहे की, ज्याच्या शरीराचे गाऱ्हाणे कोणीच दाखल करून घेत नाही. तो म्हणजे भ्रम-भासांनी ग्रासलेला मनोरुग्ण.

आमच्या एका अशिलाच्या धाकट्या भावाला कानांत आवाज ऐकू येत. औषधाने ते शमले. पुढे वजन वाढू लागले, तहान आवरेना, रात्री चार-चार वेळा लघवीस उठावे लागे. 'हा मूळ आजाराचाच प्रकार. मनोविकारतज्ज्ञांना विचारा,' असे नेहमीचे डॉक्टर म्हणाले. तज्ज्ञांनी आवाजांची चौकशी केली, झोपेची केली. रक्तातील साखर कोणीच पाहिली नाही. ती सापडली पायाची जखम चिघळल्यावर.

हा एकट्याचा दैवदुर्विलास नव्हे. तीव्र मनोविकाराने पीडित माणसे इतरांहून 10 ते 20 वर्षे आधी मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि त्यांतील बहुसंख्य हृदयविकारासारख्या शारीरिक व्याधींनीच जातात. ओलान्झापीन, क्लोझापीन यांसारख्या औषधांनी वजन, साखर व रक्तातील चरबी वाढू शकते. क्लोझापीनमुळे होणारा बद्धकोष्ठ प्रसंगी जिवावर बेततो. मग औषध टाकून द्यावे काय? मुळीच नव्हे! औषध चालू असेतो देहावरही नजर ठेवावी, एवढाच याचा अर्थ.

आणि ही नजर ठेवावयाची कोणी? बांबोळीच्या वा धारवाडच्या रुग्णालयातून परतलेला रुग्ण अखेर गावातच राहतो. त्याला सर्वांत जवळचा तो गावचा डॉक्टर. वजनाचा काटा, कंबर मोजण्याची फीत, रक्तदाबाचे यंत्र आणि साखर-चरबीची रक्ततपासणी, ही सारी सामग्री. औषध सुरू होताना, तीन महिन्यांनी आणि पुढे निदान दरसाल ती वापरावी. तंबाखू-विडीची चौकशी करावी. यात दुष्कर ते काय आहे? ब्रिटनमध्ये अशा रुग्णांची वार्षिक तपासणी कुटुंबवैद्यांच्या नेहमीच्या कामात मोडते.

'असा रुग्ण ऐकत नाही,' हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पण चोरून जिलबी खाणारा मधुमेही तरी कोठे ऐकतो? त्याला कोणी दारातून परत पाठवीत नाही!

1912 चा कायदा या माणसाला 'वेडा' म्हणून ओळखीत होता. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती भाषा सोडली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 21 व्या कलमाने सर्व आरोग्यसेवेत मनोरुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीचे स्थान दिले. पण कलम कागदावर राहते आणि रुग्ण दवाखान्याच्या बाकावर.

म्हणून घरच्यांना आमची विनंती आहे. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी 'हे आमचे काम नव्हे' म्हटले, तर उठू नका. चालू औषधांची चिठ्ठी पुढे ठेवा आणि शांतपणे म्हणा, 'याच्या मनाचे ते पाहतात. आपण याचे वजन घ्या, रक्तदाब पाहा, साखर तपासा.' ही भीक नव्हे, हक्काची मागणी आहे.